मालेगावचा साधा दिवस

बेटा,

तुझं पत्र वाचलं. त्या संपादकांनी तुझे फोटो बघून "यात मालेगाव कुठे आहे?" असं विचारलं आणि तेव्हापासून तू कॅमेरा कपाटात ठेवून दिलास. त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक आहे. पोलिसांची गाडी, बंद शटरं, एखाद्या म्हातारीचे भरून आलेले डोळे. तू पाठवलंस ते घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, शुक्रवारी बंद यंत्रमाग कारखान्यात मागांच्या मधे झोपलेला कामगार, मोसम नदीच्या पुलावरच्या गर्दीत अडकलेला कांद्याचा ट्रॅक्टर. विषय तू बरोबर निवडलेस. फोटो मात्र अजून हवे तितके चांगले झालेले नाहीत. दोन्हींबद्दल बोलू.

बाहेरच्यांना तुझं शहर तारखांनी माहीत आहे. २००१ ची दंगल आणि गोळीबार. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा शुक्रवार, बडा कब्रस्तानपाशी नमाज सुटताना झालेले स्फोट, तीसहून अधिक माणसं गेली. २९ सप्टेंबर २००८, रमजानमधली रात्र, भिक्कू चौकातला स्फोट, सहा जीव. मग कोर्टाच्या तारखा : २००६ च्या प्रकरणात आधी पकडलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले, आणि २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. अशा प्रत्येक तारखेला कॅमेरे येतात आणि अंधार पडायच्या आत आग्रा रोडला लागतात. २००६ मध्ये मीही नाशिकहून आलो होतो. तेव्हा आमच्याकडे कब्रस्तानच्या त्या दरवाजाचा आदल्या महिन्यातला, आदल्या वर्षातला एकही फोटो नव्हता. शब-ए-बरातला तिथे एरवी काय असतं, दिवे कसे लागतात, मुलं बापाचं बोट धरून कबरींपाशी कशी जातात, हे वाचकाला दाखवायला काहीच नव्हतं. काय मोडलं हे कळायला आधी काय होतं ते दिसावं लागतं. ते दाखवणं तुला जमेल, कारण तू तिथे राहतेस.

एक गोष्ट मात्र आजच सोड. फोटोंखालच्या तुझ्या ओळींमध्ये 'स्फोटांच्या जखमा विसरून', 'भीतीच्या सावटाखाली' असे शब्द येतात. खोडून टाक. कांडी भरणारी बाई कुणाला उत्तर म्हणून कांडी भरत नाही. तिची आईही तेच करायची आणि तिच्यापुढे दिवसाच्या मजुरीचा हिशेब आहे. प्रत्येक साध्या फोटोला स्फोटाचा टेकू दिलास, तर तूही त्या संपादकांचंच काम करशील. याचा अर्थ हिंसा लपवायची असा नाही. मिरवणुकीच्या दिवशी चौकात बंदोबस्त असेल, तर तो येऊ दे. ज्या घरातला मुलगा गेला, त्या भिंतीवर त्याचा फोटो असेल, तर तोही येऊ दे. जे डोळ्यांसमोर आहे ते घे, नसलेलं ओळींतून आणू नकोस.

आता कारखाना. तुझे अब्बा मागवाले, त्यामुळे तुला आत शिरता येतं, पण फोटोत नुसती यंत्रं दिसतात. उजेड ट्यूबलाइटचा आहे. तो सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, म्हणून तुझ्या चित्रांवर आडवे पट्टे आलेत. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेव. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन ये-जा करणारा तो लाकडी तुकडा, हलका पुसट येईल, येऊ दे. फ्लॅश अजिबात नको, कामगाराची नजर तुटणाऱ्या धाग्यावर असते. लेन्स आत बदलू नकोस, कापसाचा तूस थेट सेन्सरवर बसतो. आणि माणसाचे हात बघ. धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची आणि लगेच पुन्हा सुरू करायचा, तेवढ्या क्षणात त्याचं सगळं कसब आहे. बारा तासांच्या पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच माणूस घे. तागे बांधून बाहेर जातात तिथपर्यंत जा. कोरं कापड रंगायला राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे जातं. ट्रक भरणारे हमाल तुझ्या एकाही फोटोत नाहीत.

मालकाने हो म्हटलं म्हणजे कामगाराने हो म्हटलं असं धरू नकोस. अब्बांच्या कारखान्यात तर तो तुला नाही म्हणूच शकत नाही. म्हणून त्याला कारखान्याबाहेर, चहाच्या हॉटेलात विचार, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचार.

हे इतकं का लिहितोय? २००२ च्या दंगलीत अहमदाबादेत हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून जीव वाचवायची विनवणी करणाऱ्या एका शिंप्याचा फोटो वृत्तछायाचित्रकार अर्को दत्तांनी टिपला. तो जगभर गेला, आणि जायलाच हवा होता. पण तो माणूस नंतर मालेगावला बहिणीकडे राहायला आला, तेव्हा तिथेही लोकांनी त्याला फोटोवरून ओळखलं आणि हातातलं काम गेलं. पुढे तो कोलकात्याला गेला. तुझ्याच गावात घडलेली गोष्ट आहे ही. चेहरा एकदा बाहेर गेला की परत मागता येत नाही.

म्हणून कधी गडबड झालीच, तर आधी घरच्यांना कुठे आहेस ते कळव आणि एकटी निघू नकोस. फोटो काढलेस तरी त्या रात्री स्टेटसला ठेवू नकोस. जमावातल्या प्रत्येक ओळखू येणाऱ्या चेहऱ्यामागे कुणी ना कुणी लागतं, कधी पोलीस, कधी दुसरा जमाव. दोन प्रती करून एक घराबाहेर ठेव. ठिकाण, वेळ, तारीख लगेच लिही, आठवणीवर विसंबू नकोस. काय छापायचं ते डोकं शांत झाल्यावर ठरवता येतं.

आणि नदी ओलांड. तुझे जवळजवळ सगळे फोटो मोसमच्या एकाच काठाचे आहेत. पलीकडच्या संगमेश्वरात, कॅम्पात तू कॉलेजसाठी रोज जातेस, पण कॅमेरा पिशवीतच राहतो. तिकडे तुला परकं वाटतं, हे मी समजू शकतो. एखाद्या मैत्रिणीच्या घरापासून सुरुवात कर, तिच्या आईचं स्वयंपाकघर, गच्चीवरचं वाळवण. कांड्या भरणाऱ्या बायकांच्या घरात मला, माझ्यासारख्या कुणाही पुरुषाला, उंबऱ्याच्या आत येता आलं नसतं. तू दोन्ही काठांच्या घरांत जाऊ शकतेस. इतकी वर्षं या जिल्ह्यात काम करूनही माझ्याकडे अशी चित्रं नाहीत, आणि ती बघायची मला फार इच्छा आहे.

त्या संपादकांना लगेच काही पाठवू नकोस. वर्षभर काढ. रमजानची पहाट, गणपती, दिवाळीत थंडावलेला सुताचा बाजार, दहावीचा निकाल, पाणी येण्याची वेळ. ज्यांचे फोटो घेशील त्यांना साधे ४×६ चे प्रिंट नेऊन दे आणि नेताना कॅमेरा घरी ठेव.

दिवाळीनंतर नाशिकला ये. निवडलेले आणू नकोस, सगळे आण, हललेले आणि फसलेलेसुद्धा. दोन दिवस बसून लावू. अब्बांना सलाम सांग, आणि तो ट्रॅक्टरचा फोटो पुन्हा काढ, पुलाच्या कठड्यावरून, जरा उंचावरून.

तुझे,
सर