एक डोळा झाला, दुसरा बाकी

प्रश्न : वय ६६. दोन्ही डोळ्यांना उणे ६ नंबर. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन लांबचं दिसेल अशी लेन्स बसली. डाव्याचं महिन्याभराने आहे. जुन्या चष्म्यात उजवीकडे साधी काच बसवून घेतली, तर जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काय करावं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तो चष्मा घालून जिना उतरू नका. दोष ऑपरेशनचा नाही, दोन काचांमधल्या फरकाचा आहे. उणे ६ च्या काचेतून वस्तू सहा-सात टक्के लहान दिसते. त्यात पायरीकडे पाहताना नजर काचेच्या मध्यापासून खाली सरकते आणि तिथे जाड काच पायरीची जागाच बदलून दाखवते. उजव्या डोळ्याला पायरी खरी तिथेच दिसते. दोन्ही चित्रं मेंदूला जुळवता येत नाहीत.

यावर उत्तम उपाय म्हणजे फक्त डाव्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स. ती बुबुळावरच बसत असल्यामुळे नजरेबरोबर फिरते, आकारातला फरकही बराच मिटतो. चष्म्याचा उणे ६ म्हणजे लेन्सचा साधारण उणे साडेपाच. पण नंबर तपासूनच घ्या. लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही, ती घालून झोपायचं नाही. डाव्या डोळ्याची ऑपरेशनआधीची मोजणी (आत कोणत्या नंबरची लेन्स बसवायची ते ठरवणारी) व्हायची असेल, तर कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस आधी बंद करायची ते डॉक्टरांना नक्की विचारा. मऊ लेन्स निदान आठवडाभर आधी काढावी लागते, नाहीतर बुबुळाचा आकार चुकीचा मोजला जातो.

लेन्स जमणार नसेल, तर चष्म्याविना उजव्या डोळ्याच्या भरवशावर चाला. अंतराचा अंदाज मात्र चुकेल, तेव्हा कठडा धरा, पायऱ्यांच्या कडांना पिवळी चिकटपट्टी लावा आणि तूर्त दुचाकी नकोच.

इतकी वर्षं चष्मा काढून वाचता येत होतं, आता उजव्या डोळ्याने येणार नाही. डाव्याला लेन्स असताना अधिक अडीचचा तयार चष्मा लावून पेपर ४० सेंटीमीटरवर धरा. महागडा प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणारा) चष्मा आत्ता करू नका. दुसरं ऑपरेशन होऊन चार ते सहा आठवड्यांनी नंबर स्थिरावतो, तेव्हा करा. उजव्याने पांढरं निळसर आणि डाव्याने पिवळट दिसतं, त्याची काळजी नको.

काळजी याची : उजवा डोळा दुखू लागला, लाली वाढली, नजर कमी झाली, विजेसारखे झोत, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने पडदा आल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मोठ्या उणे नंबरवाल्यांचा डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.