झेडपीतून दिल्लीकडे बघताना

भावा, पहिल्याच झटक्यात झेडपीवर निवडून आलास, मनापासून आनंद झाला. खासदारकीचं स्वप्न बघतोस, जरूर बघ. फक्त घाई नको.

राजू शेट्टींचा प्रवास नीट बघ. 2002 ला जिल्हा परिषद, 2004 ला शिरोळची आमदारकी, 2009 ला हातकणंगलेतून खासदार. वर्षं थोडी दिसतात, पण प्रत्येक पायरीवर विषय एकच, उसाचा दर. तुझा विषय कोणता, ते आधी ठरव.

ऊसच घेणार असशील तर एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, दिल्लीत ठरते हे ध्यानात ठेव. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, हा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला. तो आत्ताच वाचून काढ. बिल अडलेला शेतकरी दारात आला की त्याची काट्याची पावती हातात घे, तारीख बघ, दिवस मोज, साखर आयुक्तांकडे लेखी तक्रार करायला लाव. पुढं लोकसभेत प्रश्न विचारताना हाच अभ्यास कामी येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हातकणंगले मतदारसंघात सांगलीचे इस्लामपूर आणि शिराळाही येतात. तिकडच्या लग्ना-मयताला आत्तापासून जात जा.

खासदार निधी वर्षाला 5 कोटी, मतदारसंघात विधानसभेच्या जागा सहा. गटारी-रस्त्यांच्या शब्दावर मतं मागशील तर पुरणार नाही.

तूर्तास झेडपीच्या प्रत्येक सभेला विषयपत्रिका वाचून जा, आणि निदान एक प्रश्न लेखी दे.