साध्या गाडीवर 'एन'चा बिल्ला

प्रश्न : आमच्या साध्या ह्युंदाई आय-२० वर 'एन'चा (कंपनीच्या वेगवान, ताकदवान गाड्यांवर असतो तो) बिल्ला लावायचा मुलाचा हट्ट आहे. लावू द्यावा का?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : लावू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपात विकल्या गेलेल्या खऱ्या 'आय-२० एन'मध्ये १.६ लिटरचे, २०४ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते; भारतात २०२१ मध्ये आलेल्या 'एन लाइन' या तिच्या सौम्य आवृत्तीचे इंजिन १२० अश्वशक्तीचेच असले, तरी कंपनीने तिचे सस्पेन्शन कडक केले, एक्झॉस्ट बदलला, त्यामुळे तिचा बिल्ला निदान काही अंशी तरी कमावलेला आहे. आपल्या गाडीत यातले काहीच नाही, आणि उद्या ती विकताना अनोळखी गिऱ्हाईक त्या अक्षरावर विश्वास ठेवेल, ही मला अधिक गंभीर बाब वाटते. मुलाची हौस मात्र मोडू नका. दिग्रस रस्त्यावर कापसाने भरलेली ट्रॉली ओलांडताना उपयोगी पडतील असे चांगले टायर त्याला घेऊन द्या.