वर्कआउट संपल्यावर गाणी कशी लावायची

व्यायामाची आणि सोबत गाणी लावायची छान सुरुवात केलीयस, फक्त व्यायामानंतरच्या गाण्यांत एक बदल कर. शेवटचा स्प्रिंट संपला की ती धडधडणारी प्लेलिस्ट बंद. फास्ट बीट्स व्यायाम करताना जोर देतात पण नंतर तेच चालू ठेवलं तर शरीर अजून पळायच्याच मूडमध्ये राहतं. त्याऐवजी मिनिटाला ६० ते ८० बीट्सचं काहीतरी संथ लाव, शक्यतो शब्द नसलेलं, आणि आवाज कमी ठेव. श्वास हळूहळू लांब होतो, ठोके खाली यायला मदत होते आणि मुख्य म्हणजे डोकं शांत होतं.

नवीन लोक हमखास काय चुकतात:
- गाणं लावून लगेच एका जागी थांबणं. आधी ५-१० मिनिटं हळू चाल, एकदम थांबलं तर रक्त पायात साठतं आणि चक्कर येऊ शकते.
- गाणी शोधत फोनमध्ये घुसणं. लिस्ट आधीच बनवून ठेव ना!
- दुखणारे स्नायू गाण्याने बरे होतील असं समजणं. त्याला पाणी, जेवण आणि झोपच लागते, विशेषतः झोप.

आवडतं संथ गाणं असेल तर तेच लाव, उगाच 'रिलॅक्सिंग' म्हणून न आवडणारं ऐकू नकोस. हार्ट रेटचे आकडे, अ‍ॅप्स वगैरे सध्या राहू दे, महिनाभर एवढंच कर आणि कसं वाटतंय ते सांग.