आठव्या वर्षी जबड्याचा उपचार? थोडं थांबलं तर नाही का चालणार?

"मॅडम, अजून निम्मे दात दुधाचे आहेत. ते पडू द्या की! बारा-तेराव्या वर्षी तार लावतातच, मग आत्ता हा खर्च कशाला?" आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आलेले बाबा जरा वैतागलेच होते. आईची काळजी निराळी, समोरच्या दोन दातांमधली फट. "शाळेत चिडवतात हो तिला."

दातांच्या दवाखान्यात पालकांशी आणि मुलांशी बोलणं हे माझं काम. फटीबद्दल आईला लगेच धीर देता आला. या वयात ती पुष्कळ मुलांना असते आणि वरचे सुळे उतरले की बहुतेकदा आपोआप मिटते. डॉक्टरांना खटकलं होतं ते वेगळंच.

मुलीच्या हातात आरसा दिला. "सावकाश तोंड मिट बरं." दाढा टेकल्या आणि हनुवटी डावीकडे सरकली. वरचा जबडा अरुंद असल्याने त्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत होत्या. बाबा खुर्ची ओढून पुढे आले. "हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं."

दात चाळिशीतही सरकवता येतात. टाळूच्या मधली शिवण, म्हणजे वरच्या जबड्याच्या दोन अर्ध्या हाडांमधला सांधा, मात्र मूल वयात येता येता घट्ट होत जाते. आठव्या वर्षी ती उपकरणाने रुंदावते. फार उशीर झाला तर कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. म्हणून सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासून घ्यावं. बऱ्याच मुलांना त्यानंतर 'तूर्त काही नको' असंच सांगितलं जातं. हिच्या बाबतीत थांबण्यात तोटा होता. पुढे तारही लागू शकते, हेसुद्धा बाबांना तेव्हाच सांगितलं. खर्चाचं चित्र अर्धवट दाखवणं मला पटत नाही.

मुलीचा प्रश्न एकच होता, "मी बोबडी बोलेन?"

"थोडे दिवस. लाळही सुटेल. रोज मोठ्याने धडा वाच, जिभेला सवय होईल." मुलांना 'काही होत नाही गं' म्हणून गप्प करू नये, त्यांना खरं सांगितलं की ती निभावून नेतात.

टाळूला उपकरण बसलं. आईने रोज चावीने स्क्रूला पाव वळसा द्यायचा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. फट आधी वाढेल हे बजावलं होतं, तरी घाबरून फोन आलाच! ती वाढणं म्हणजे शिवण उघडत असल्याची खूण. स्क्रू थांबवल्यावर फट हळूहळू कमी झाली. नवं हाड भरावं म्हणून उपकरण आणखी काही महिने तोंडात राहिलं.

आता तोंड मिटताना हनुवटी सरळ राहते. तार लागेल का, ते कायमचे दात आल्यावर ठरेल. तोवर नियमित दाखवायचं आणि दुधाची दाढ किडली तर वेळेत भरून घ्यायची. ती लवकर गेली की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा अडते.