वंश, वासे आणि वीस पैलूंचा फासा

नागपूरच्या प्रतापनगरातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तो आणि त्याचे चार मित्र दर शनिवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची. पात्राचा तक्ता मराठीत करायला घेतला आणि दुसऱ्याच रकान्यावर गाडी अडली. तिथे इंग्रजीत 'रेस' आहे: माणूस, किंवा एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग, अर्धा ऑर्क असे कल्पित जीव, यांतलं काय ते निवडा. फोनने भाषांतर दिलं 'शर्यत निवडा'. एक मित्र म्हणतो 'जात' लिही, दुसरा 'वंश', तिसरा 'प्रजाती'. शिवाय मूळ शंका अशी, की ही निवड खेळात कितपत महत्त्वाची असते आणि हे मराठीत विचारायचं तरी कसं? "काका, 'तुझ्या जातीने किती फरक पडतो बे?' असं कोणी जोरात म्हटलं की आई स्वयंपाकघरातून डोकावते."

आईने डोकवायलाच हवं.

'शर्यत' आधी निकालात काढतो. धावण्याची 'रेस' आणि कुळाची 'रेस' हे इंग्रजीतले दोन निराळे शब्द, उच्चार तेवढा एक. पहिला उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला, दुसरा इटालियन 'रात्सा', तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. या रात्साचं मूळ काही जण लॅटिनमध्ये शोधतात, तर एक मत असं, की तो जुन्या फ्रेंचमधल्या घोड्यांच्या पैदाशीच्या तबेल्यातून निघाला. मला घोडे पटतात. आपलंही 'जातिवंत' आधी घोड्याला लागतं, गवयाचा नंबर नंतर.

'जात' हा शब्द मुळात निरुपद्रवी. 'जन्' म्हणजे जन्मणे, त्यावरून जाति. 'जात्याच हुशार' यातला 'जात्या' ही सरळ संस्कृतची तृतीया, म्हणजे जन्मानेच. (दळायचं जातं 'यंत्र'वरून आलं, त्याचा इथे काही संबंध नाही, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.) मात्र ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी जातीचं जोखड फेकायला धर्म बदलला, त्या शहरातल्या पोरांनी खेळाच्या तक्त्यावर 'जात निवडा' छापावं, हे कसं दिसेल? दिसण्याचं सोडा, अर्थही चुकतो. जात म्हणजे रेस नव्हे हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलंय: पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वांशिक नातं ते कुठलं, असा त्यांचा सवाल होता. आणि जात निवडता येत नाही हेच तर तिचं मुख्य लक्षण. तुमच्या खेळात पहिलं काम ती निवडण्याचं.

'प्रजाती'वर मात्र माझा राग आहे. वर्तमानपत्रं रोज 'पक्ष्यांच्या दुर्मिळ प्रजाती' लिहितात, ती हिंदीची उसनवारी. आपल्या शाळेच्या पुस्तकातली उतरंड आठवा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे मराठीत प्रजाती ही वरची पायरी, 'जीनस'. 'स्पीशीज' म्हणजे जाती. आता गंमत बघा. या खेळाच्या अमेरिकन कंपनीने 'रेस' शब्द खटकतो म्हणून २०२४च्या नव्या नियमपुस्तकात तो काढला आणि तिथे 'स्पीशीज' बसवला. ते शास्त्रशुद्ध मराठीत आणायचं तर काय येईल? जाती! बिचाऱ्यांनी जो चिखल टाळायला साता समुद्रापार उडी मारली, ती थेट आपल्या अंगणात.

राहिला 'वंश'. तोच लिहा. का ते सांगतो, कारण त्यासाठीच मी लेखणी उचलली आहे.

वंश म्हणजे बांबू.

कुळ, पिढी, खानदान हे अर्थ आहेतच, ते सगळ्यांना ठाऊक आहेत. पण अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, म्हणजे अमरकोश, उघडला तर वनस्पतींच्या वर्गात 'वंश' भेटतो आणि त्याची नावं काय सुरेख आहेत: त्वक्सार, म्हणजे ज्याचं सारं सत्त्व सालीत; तृणध्वज, म्हणजे गवतांचा झेंडा (बांबू हे गवतच, हे अमरसिंहाच्या काळीही माहीत होतं); आणि शतपर्वा, शंभर पेरांचा. हे 'पेर'सुद्धा 'पर्व'वरूनच. एका पेरावर दुसरं पेर, त्यावर तिसरं, मध्ये गाठ. बाप, मुलगा, नातू. आपण वंशाला वृक्ष जोडून 'वंशवृक्ष' म्हणतो तेव्हा बांबूला आंबा चिकटवतो, पण ते असो.

पुण्याचे एक कोशवाले स्नेही मला कळवतात, की बांबू हा अर्थ वेगळा आणि कुळ हा अर्थ वेगळा, दोघांची सांगड घालणं हा कवींचा खेळ आहे. यांनी बांबू पाहिलाय तो मंडपवाल्याच्या हातगाडीवर, दोरीने बांधलेला. गडचिरोलीकडे पावसाळ्यात या म्हणावं. एका बुडातून दरसाल नवे कोंब वर येतात, अख्खं बेट एकाच कंदाचं असतं, आणि काही दशकांनी बेटच्या बेट फुलतं, बी धरतं आणि वाळून जातं. याहून चांगलं घराण्याचं चित्र मला तरी माहीत नाही. त्या कोवळ्या कोंबांना तिकडे 'वास्ते' म्हणतात, भाजी करतात. तोही शब्द 'वंश'चाच पोर असणार असं माझं म्हणणं. स्नेही म्हणतात, त्या भाजीला वास येतो म्हणून वास्ते. मग मेथीला काय म्हणायचं?

वंशाची पोरंबाळं मराठीत भरपूर आहेत. बासरी त्यातलीच. छपराचा वासा त्यातलाच, कारण वासा मुळात बांबूचा. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, ते हे वासे. आणि इथे मी एक सिद्धान्त मांडतो, जो छापायला आजवर कोणी तयार झालं नाही. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' या म्हणीचा अर्थ कृतघ्नपणा, हे ठीक. पण वासे मोजणं यात कृतघ्नपणा कसला? नेहमीचं स्पष्टीकरण असं, की पाहुणा जेवून आडवा होतो आणि वर बघत घराची उणीदुणी काढतो. मला ते ओढूनताणून वाटतं. उणीदुणी काढायची तर भिंतीतल्या भेगा मोजेल, गळणारी कौलं मोजेल. वासेच का? कारण वासे म्हणजे वंश! ज्याचं मीठ खाल्लं त्याच घराचं कूळ विचारत बसणं, हा तो कृतघ्नपणा. स्नेही म्हणतात, पुरावा काय. पुरावा मी स्वतः. गेल्या शनिवारी या मुलांचा खेळ बघायला त्यांच्याकडे गेलो होतो. तर्री पोहे झाले, चहा झाला आणि उठताना त्या माउलीला मी सहज विचारलं, "ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या? माहेरचं आडनाव काय?" त्यांनी सांगितलंही. पण सांगायच्या आधी क्षणभर थांबल्या. मी काय मोजत होतो ते मला जिन्यात कळलं.

हां, खेळ. तो राहिलाच.

संस्कृत व्याकरणात वंशाबद्दल एक वाक्य आहे, भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत: 'वंशो द्विधा विद्यया जन्मना च'. वंश दोन तऱ्हांचा, एक विद्येने आणि एक जन्माने. पाणिनीच्या एका सूत्राखाली आलंय हे. पाणिनी, कात्यायन, पतंजली यांना मिळून व्याकरणाचे 'त्रिमुनि' म्हणतात. एका रक्ताचे नव्हेत, पण एका वंशाचे. बृहदारण्यक उपनिषदातही 'वंश' म्हणून जी लांबलचक यादी आहे ती बापलेकांची म्हणून नव्हे, गुरुशिष्यांची म्हणून दिली आहे.

आता या खेळाची पन्नास वर्षं या एका वाक्यावर ठेवून बघा. १९७४च्या पहिल्या नियमांत जन्म म्हणजे सगळं काही. ड्वॉर्फ फक्त लढवय्या होऊ शके, तोही सहाव्या पातळीपर्यंत. हाफलिंग चौथ्यावरच थांबे. वर जायचा परवाना माणसालाच. १९८१च्या नवशिक्यांसाठीच्या संचात तर 'एल्फ' हाच धंदा होता. माणूस असाल तर योद्धा व्हा, चोर व्हा, जादूगार व्हा. एल्फ असाल तर तुम्ही एल्फ, संपला विषय. (हे वाचून ज्याला आपल्याकडचं काही आठवणार नाही तो भाग्यवान.) २०००च्या आवृत्तीने ही कुंपणं काढली. २०१४च्या नियमांत उरलं ते एवढंच, की अर्धा ऑर्क जात्याच बळकट, त्याच्या ताकदीत दोन गुण जास्त. एल्फ जात्याच चपळ, त्याच्या चपळाईत दोन. २०२० मध्ये हे गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली. आणि २०२४ मध्ये ते जन्माकडून काढून घेऊन पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले: तो शिपाई होता, की मठात होता, की लेखनिक होता. दीक्षितांच्या भाषेत, जन्मना होतं ते विद्यया झालं. कंपनीत कोणी कौमुदी वाचली नसावी.

मग फरक पडतो का? २०१४च्या नियमांनी हिशेब करू. ताकदीत दोन गुण जास्त म्हणजे वीस पैलूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात एकाची भर. म्हणजे वीस वेळा फासा टाकला तर सरासरीने एकदाच त्या एकामुळे निकाल बदलणार, शंभरात पाच. शनिवारी मी प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या कागदाच्या कडेला रेघा मारत गेलो: संध्याकाळभरात त्याने तेवीसदा फासा टाकला. म्हणजे एखाद्या वेळी, फार तर दोनदा, त्याचा जन्म त्याच्या कामी आला असेल, आणि कुठल्या वेळी ते त्यालाही सांगता येणार नाही. त्या पाच टक्क्यांसाठी ही मुलं दोन-दोन तास नियम चिवडत बसतात.

खरा फरक आकड्यात नाही, हे मी त्याच टेबलावर पाहिलं. मंडळी एका गुहेत शिरली आणि मशाल विझली. २०१४च्या नियमांत एल्फला आणि ड्वॉर्फला अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं, माणसाला दिसत नाही. गोष्ट चालवणाऱ्या मुलाने नकाशा एका वहीखाली झाकला आणि एल्फवाल्या मुलीच्या कानात समोर काय आहे ते सांगितलं. आता माणूस घेतलेले दोघे तिच्यावर अवलंबून! "डावीकडे सरक. अबे, माझ्या डावीकडे नाही, तुझ्या!" एक जण खड्ड्यात पडला. कोणाच्याही बेरजेत न येणारी ही वीस मिनिटं त्या संध्याकाळची सगळ्यात झकास. आपल्याकडचा घटोत्कच घ्या. बाप भीम, आई हिडिंबा; अर्धा राक्षस. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर खर्च केली ती कधी? रात्रीच्या युद्धात, कारण रात्री राक्षसांचं बळ वाढतं. घटोत्कच माणूस असता तर महाभारताची ती रात्र वेगळी गेली असती. वंश महत्त्वाचा ठरतो तो असा, अंधार पडल्यावर. भर दुपारी, मोकळ्या माळावर, तुम्ही कोणाच्या पोटी आलात याने फाशाला काही घेणंदेणं नसतं. आणि गोष्ट चालवणाऱ्याने कधी मशाल विझवलीच नाही, तर तुमचा एल्फ म्हणजे टोकदार कानांचा माणूस.

तेव्हा टेबलावर विचारायचं ते असं: 'तुझ्या वंशाचा इथे काय उपयोग?' आई डोकावणार नाही.

काही वाचक 'योनी' सुचवतील, आणि त्यांचं चूक नाही. यक्ष, गंधर्व, किन्नर, राक्षस, पिशाच यांना अमरकोश 'देवयोनी' म्हणतो, चौऱ्यांशी लक्ष योनी कीर्तनात रोज ऐकू येतात, आणि एल्फ-ऑर्कांना याहून नेमका शब्द मिळणार नाही. पण विशीतल्या पाच पोरांच्या टेबलावर 'तुझी योनी कोणती' हा प्रश्न किती वेळ गंभीरपणे चालेल याचा अंदाज मला आहे. शब्द मेलेला नाही, पण आता त्याला घराबाहेर नेता येत नाही.

तुम्ही पाठवलेला तक्ता पाहिला. दुसऱ्या रकान्यात 'वंश' लिहा आणि त्याच्या शेजारी दोन छोट्या चौकटी करा, 'जन्माने' आणि 'विद्येने'. पूर्वायुष्याचा वेगळा रकाना मग लागणार नाही. बाकी ठीक आहे. तळाशी मात्र 'वंशजांची नावे' लिहून पुढे ड्वॉर्फच्या आजोबा-पणजोबांची नावं दिली आहेत. हे मी रोज ऐकतो, 'आमचे वंशज पेशव्यांच्या फौजेत होते', आणि रोज दात खातो. होऊन गेलेले ते पूर्वज, होणार ते वंशज. ते खोडा. तुमच्या ड्वॉर्फचं अजून लग्नही झालेलं नाही.