"गेल्या वर्षभरात वांगी किती वेळा खाल्लीत?" अशा फॉर्मवर कितपत भरवसा ठेवावा?

प्रश्न असा आहे: आहाराच्या एका सर्वेक्षणात वर्षभराच्या खाण्याचा लांबलचक फॉर्म भरून घेतला. कालचं जेवण धड आठवत नाही, मग वर्षभराचं कसं आठवणार? अशा उत्तरांना काही अर्थ असतो का?

असतो, पण मर्यादित. कोण जास्त डाळ खातं आणि कोण कमी, एवढी क्रमवारी लावायला हा फॉर्म बऱ्यापैकी चालतो. त्यावरून 'तुम्ही रोज 1,740 कॅलरी घेता' असं कुणी सांगितलं, तर ते मनावर घेऊ नका.

या फॉर्मला एफएफक्यू (फूड फ्रिक्वेन्सी क्वेश्चनेअर, म्हणजे कोणता पदार्थ किती वेळा खाता याची प्रश्नावली) म्हणतात. आठवड्यातून तीनदा उसळ अशी खूण केलीत, की दिवसाला 3/7 म्हणजे 0.43 वाटी धरतात, तिला वाटीतल्या प्रथिनांनी गुणतात आणि सगळ्या ओळींची बेरीज करतात. मेख वाटीतच आहे: कुणाची 100 मिलीची, तर कुणाची 200 ची. म्हणून नीट केलेल्या सर्वेक्षणात ठरावीक मापाच्या वाट्या-चमचे समोर ठेवून विचारतात.

यादी लांबली की आणखी एक गंमत होते. वीस भाज्या वेगवेगळ्या विचारल्या आणि माणसाने प्रत्येकीपुढे सहज 'आठवड्यातून एकदा' टाकलं, की आठवड्याला वीस वेळा भाजी झाली. प्रत्यक्षात घरात बारा-तेरा वेळाच होत असेल. उपाय सोपा आहे. शेवटी 'एकूण भाजी आठवड्यातून किती वेळा?' असा एक प्रश्न ठेवायचा. त्याचं उत्तर 12 आलं, तर प्रत्येक भाजीचा आकडा 12/20 ने, म्हणजे 0.6 ने गुणायचा.

आता आठवणीबद्दल. वर्षभरातली जेवणं कुणी मोजून सांगत नाही. 'मी साधारण काय खातो' याचं डोक्यातलं चित्र सांगतो, आणि त्या चित्रावर सध्याच्या सवयींचा रंग असतो. सहा महिन्यांपूर्वी साखर सोडलेला माणूस त्याआधीचा चहाही कमी गोड करून सांगतो. मे महिन्यात विचारलं तर आंबा फुगतो. श्रावण आणि उपवास वेगळे विचारले नाहीत, तर साबुदाणा, शेंगदाणे हिशेबातून गळतात. आजारी माणसाला आजारपणानंतर विचारणं सर्वांत वाईट, कारण तो तोवर कारण शोधत बसलेला असतो. म्हणूनच निरोगी असताना फॉर्म भरून घेऊन पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांना जास्त वजन.

चूक किती होते, हेही मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या 'ओपन' अभ्यासात (1999-2000) 484 जणांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून, लघवीच्या नमुन्यांवरून त्यांनी खर्च केलेली, म्हणजे वजन स्थिर असेल तर खाल्लेली, खरी ऊर्जा मोजली. एफएफक्यूवर पुरुषांनी ती 31 ते 36 टक्के, तर बायकांनी 34 ते 38 टक्के कमी सांगितली होती. कालच्या 24 तासांबद्दल विचारल्यावर हीच तूट पुरुषांत 12 ते 14 आणि बायकांत 16 ते 20 टक्के होती. वजन जास्त असलेली माणसं साधारणपणे जास्त कमी सांगतात, त्यामुळे ही चूक सगळ्यांत सारखी वाटली जात नाही. सरसकट 30 टक्के वाढवून ती दुरुस्त होत नाही ती त्यामुळेच.

आणि अशा चुकांनी बहुतेक वेळा खरा संबंध पुसट होतो. समजा, एखाद्या पदार्थाने धोका खरोखर दुप्पट होतो आणि मोजमापाचा क्षीणन-गुणांक (चुकांमुळे संबंध किती पुसट होतो ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे अजिबात नाही) 0.2 आहे. मग अभ्यासात तो धोका 2 चा 0.2 वा घात, म्हणजे जेमतेम 1.15 पट दिसेल. 'काही संबंध आढळला नाही' अशी बातमी वाचताना हे ध्यानात ठेवावं.

स्वतःसाठीच हिशेब हवा असेल, तर एफएफक्यूच्या नादी लागू नका. सलग नसलेले तीन-चार दिवस निवडा. त्यात एक रविवार, आणि करत असाल तर एक उपवासाचा दिवस. खाल्लं की लगेच लिहा. रात्री यादीवरून पुन्हा हात फिरवा: चहातली साखर, वरून घेतलेलं तूप, पापड-लोणचं, येता-जाता तोंडात टाकलेलं फरसाण. गळतं ते हेच.

तेल मात्र ताटावरून कळत नाही, ते पिशव्यांवरून काढा. एक लिटरची पिशवी म्हणजे साधारण 910 ग्रॅम. चार माणसांना महिन्याला तीन पिशव्या लागल्या, तर 2,730 भागिले 120, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे 23 ग्रॅम. पाहुणे, डबे आणि तळणानंतर टाकून दिलेलं तेल वजा करा. बाहेरच्या खाण्यातलं तेल यात आलेलं नाही. मिठासाठी मात्र प्रश्न विचारून भागत नाही. त्यासाठी पूर्ण 24 तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम तपासावं लागतं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून वेळ मोजायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची बाटलीत घ्यायची. मधली एखादी चुकली, तर आकडा खोटाच कमी येतो.